अद्भुत, हास्य आणि ढकलपत्रें

सन २०२२ च्या जुलै महिन्याच्या अखेरच्या दिवशीं एटिएन क्लेन या फ्रेंच पदार्थविज्ञानवेत्त्यानें ट्विटरवर एक छायाचित्र प्रसिद्ध केलें. काळ्याभोर पार्श्वभूमीवर एक तांबडा, झगझगीत, ठिकठिकाणीं पांढरट डाग असलेला गोल. सूर्याला सर्वांत जवळचा जो तारा, आपल्यापासून सुमारें सवाचार प्रकाशवर्षें दूर असलेला ‘प्रॉक्सिमा सेंटॉरी’, त्याचें हें चित्र जेम्स वेब दुर्बिणीनें टिपलेलें आहे, असें त्यानें सोबत लिहिलें होतें. वेब दुर्बिणीचीं पहिलीं रंगीत चित्रें त्याच महिन्याच्या १२ तारखेस जाहीर झालीं होतीं. जग त्यांकडे डोळे विस्फारून पाहत होतें. तेव्हां हेंहि चित्र लोकांनीं त्याच डोळ्यांनीं पाहिलें आणि पुढें धाडलें. मग क्लेननें खुलासा केला कीं, हा तारा नसून शोरिझोची एक चकती आहे. शोरिझो म्हणजे डुकराच्या मांसाचें, लाल तिखटानें रंगलेलें स्पॅनिश सॉसेज. गोव्याकडच्या वाचकांना त्याचा चुलतभाऊ चौरिस ठाऊक असेलच. कांहीं लोक हंसले, कांहीं रागावले. क्लेननें क्षमा मागितली आणि अधिकारी माणसाच्या शब्दावर आंधळेपणानें विसंबूं नये, एवढेंच सुचविण्याचा आपला हेतु होता, असें सांगितलें. त्यानंतर त्यानें ‘कार्टव्हील’ दीर्घिकेचें वेबनें टिपलेलें चित्र प्रसिद्ध केलें. तें मात्र खरें असल्याची ग्वाही त्याला सोबत द्यावी लागली!

साहित्यविषयक मासिकांत सॉसेजच्या चकतीला जागा कशाला, असा प्रश्न कोणी विचारील तर तो अगदींच गैर म्हणतां येणार नाहीं. परंतु वस्तुस्थिति अशी आहे कीं, आमच्यासारख्या पुस्तकांवर पोट भरणाऱ्या माणसांचेंहि दिवसाचें पुष्कळसें वाचन आतां मोबाईलच्या वीतभर कांचेवरच होतें. सकाळीं उठल्याबरोबर कोणी एखाद्या पक्ष्याचें चित्र पाठवितो, कोणी नवरा-बायकोचा विनोदी संवाद, कोणी ‘आश्चर्यकारक माहिती’. यालाच आपल्याकडे ढकलपत्र असें नांव पडलें आहे आणि तें फार अन्वर्थक आहे; कारण या पत्राला लेखक नसतो, ढकलणारे असतात. या वाङ्मयाकडे पाहून — वाङ्मय या शब्दानें कोणी दचकूं नये. जें वाचून माणसें हंसतात आणि थक्क होतात त्याला दुसरें काय म्हणावें? — बहुतेक टीकाकार नाक मुरडतात. प्रस्तुत लेखकहि कैक वर्षें नाक मुरडणाऱ्यांच्याच पंक्तींत बसला होता. तेथून उठावें लागलें त्याचें कारण पुढें ओघानें येईल. तूर्त इतकेंच म्हणतों कीं, या ढिगाऱ्यांत खरोखरीचा विस्मय आणि खरोखरीचें हास्य सांपडतें. तीं पारखण्याचें कांहीं माप आपल्यापाशीं आहे कीं नाहीं, एवढाच प्रश्न आहे.

माप शोधावयाला फार लांब जावें लागत नाहीं. अद्भुत रसाचे विभाव सांगतांना भरतानें नाट्यशास्त्रांत दिव्यजनांचें दर्शन, इष्ट मनोरथांची प्राप्ति, उपवनांत किंवा देवालयांत जाणें, सभा, विमान, माया अशी यादी दिली आहे आणि तिच्यांत इंद्रजालहि घातलें आहे. आंतरजालाचा उल्लेख भरतांत सांपडला अशी हाकाटी करण्याचा मोह येथें एखाद्याला होईल; तसलें एक ढकलपत्र उद्यां निघाल्यास त्याचें पाप माझ्या माथीं मारूं नये. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट अनुभावांत आहे. विस्मय झालेल्या माणसाचे डोळे विस्तारतात, पापणी लवत नाहीं, अंगावर रोमांच उभे राहतात, तो साधुवाद देतो, हाहाकार करतो, हात आणि बोटें हालवितो. आगगाडीच्या डब्यांत समोरच्या बांकावर मोबाईलमध्यें गढलेल्या प्रवाशाकडे पाहावें. यांतले निम्मे अनुभाव तेथेंच पाहावयास मिळतात, आणि बोटें तर हालतच असतात.

पण या यादींत आणखी एक शब्द आहे: ‘दान’. विस्मित झालेला मनुष्य कांहींतरी देऊं लागतो. जुन्या कथांतला राजा थक्क झाला कीं गळ्यांतला हार काढून सांगणाऱ्यापुढें टाकतो, त्याचा उगम बहुधा येथेंच असावा. हा शब्द मी वर्गांत वर्षानुवर्षें भराभर वाचून पुढें जात असें. आतां वाटतें कीं, तो फार नेमका आहे. एखादी अपूर्व गोष्ट दिसली असतां ‘अहो, हें पाहिलेंत का?’ असें शेजाऱ्याला म्हटल्यावांचून राहवत नाहीं. तें पाहणें एकट्यानें पुरेंच पडत नाहीं. म्हणजे एखादी वस्तु दुसऱ्याला पाठविणें ही विस्मयानंतर घडणारी निराळी क्रिया नसून विस्मयाचाच एक अनुभाव आहे. ढकलपत्राचा जन्म चावटपणांतून होत नाहीं, औदार्यांतून होतो. आमच्या पंक्तीला ही गोष्ट कधीं दिसली नाहीं. आतां दान देणाऱ्याजवळचें नाणें खरें कीं खोटें, हा पुढचा प्रश्न. परंतु देणाऱ्याचा हात प्रथम ओळखावा.

हास्याची गोष्ट अधिक अवघड आहे. प्रत्यक्ष बोलतांना आवाज, भुंवया, ओंठांचा कोपरा हीं सर्व मदतीला असतात. लिहिलेल्या एका ओळींत यांपैकीं कांहींच नसतें. १९८२ च्या सप्टेंबरांत अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठांत याचा मोठा गमतीचा प्रत्यय आला. तेथील संगणकशास्त्राचे लोक आपापल्या यंत्रांवरून एका सामाईक फलकावर मजकूर लिहीत असत. दोर तुटून खालीं कोसळणाऱ्या लिफ्टमध्यें पाऱ्याच्या थेंबाचें काय होईल, असलें कांहींतरी शास्त्रीय कोडें चाललें होतें. एकानें थट्टेनें सूचना लिहिली कीं, नुकत्याच केलेल्या प्रयोगामुळें एका लिफ्टमध्यें पारा सांडला आहे. ज्यांनीं आधींचा संवाद वाचला नव्हता त्यांना ती सूचना खरीच वाटली. थट्टा थट्टा म्हणून ओळखूं यावी यासाठीं कांहीं खूण असावी, अशी चर्चा सुरू झाली. आणि १९ तारखेला स्कॉट फालमन नांवाच्या अध्यापकानें सुचविलें कीं, अपूर्णविराम, संयोगचिन्ह आणि कंस हीं तीन चिन्हें एकापुढें एक लिहावींत. मान वांकडी करून पाहिलें कीं हंसरा चेहरा दिसतो. हा मूळ मजकूर पुढें हरवला होता. २००२ मध्यें जुन्या फितींवरून तो हुडकून काढण्यांत आला. एखाद्या शिलालेखासारखा!

भरतानें हास्याचे सहा प्रकार केले आहेत: उत्तम प्रकृतीच्या लोकांचें स्मित आणि हसित, मध्यमांचें विहसित आणि उपहसित, अधमांचें अपहसित आणि अतिहसित. स्मितांत गाल किंचित् फुलतात, दांत दिसत नाहींत. फालमनच्या तीन चिन्हांना दांत नव्हते. तेव्हां तें निःसंशय स्मित होतें. उलट, ऑक्सफर्डच्या कोशकारांनीं २०१५ चा ‘शब्द’ म्हणून ज्याची निवड केली तो पिवळा चेहरा हंसतां हंसतां डोळ्यांतून पाणी काढतो. साश्रु नेत्र हें भरताच्या मतें अपहसिताचें आणि अतिहसिताचें लक्षण होय. तेहतीस वर्षांत उत्तम प्रकृतीवरून अधम प्रकृतीवर आपण उतरलों, असें अनुमान एखादा कडक शास्त्री काढील. मी इतका कडक नाहीं; माझ्या पुतण्यांना मीहि तोच चेहरा पाठवितों. परंतु त्या पाऱ्याच्या गोष्टींतलें एक तत्त्व सोडतां येत नाहीं. ज्यांना सूचना खरी वाटली ते हंसले नाहींत. ती खोटी आहे इतकेंच ज्यांना कळलें, तेहि फारसे हंसले नसतील. हंसले ते, ज्यांना लिफ्टमधल्या पाऱ्याचें कोडेंहि ठाऊक होतें आणि सरकारी थाटाची ती सूचनाहि दिसत होती. दोन गोष्टी एकाच क्षणीं मनांत उभ्या राहाव्या लागतात.

येथें मराठी वाचकाला नरसिंह चिंतामण केळकरांची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. १९२१ च्या बडोद्याच्या संमेलनांत अध्यक्षपदावरून बोलतांना त्यांनीं वाङ्मयानंदाची जी मीमांसा मांडली तिला त्यांनीं ‘सविकल्प समाधि’ असें नांव दिलें. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेंत शिरतो, पण स्वतःची भूमिका सोडीत नाहीं; योग्याप्रमाणें स्वतःला विसरून जात नाहीं; एकाच वेळीं दोन्हीं ठिकाणीं राहण्यांत त्याला आनंद होतो, असा त्या उपपत्तीचा आशय. आमच्या पिढीनें ती परीक्षेपुरती पाठ केली आणि परीक्षेबरोबरच ती सोडून दिली. आतां ती उपपत्ति शोरिझोला लावून पाहा. पहिल्या दिवशीं ज्याला नुसता तारा दिसला त्याची समाधि निर्विकल्प होती. तींत आनंद होता, पण विनोद नव्हता. खुलासा वाचून ज्याला पुढें नुसती चकतीच दिसूं लागली तो चिडला. त्याची समाधि साफ मोडली. परंतु ज्याला त्या तांबड्या गोलांत तारा आणि चकती दोन्ही एकदम दिसूं लागलीं, चरबीचे डाग ज्वालांसारखे आणि ज्वाला चरबीच्या डागांसारख्या भासूं लागल्या, तो हंसला. आणि मला वाटतें कीं, त्यालाच कार्टव्हीलचें चित्र इतरांहून अधिक नीट पाहतां आलें. अभिनवगुप्तानें कोणत्याहि रसाचा आभास हास्याला कारण होतो असें म्हटलें आहे. शोरिझो हा शुद्ध अद्भुताभास आहे. फ्रेंच पंडितानें नकळत काश्मिरी पंडिताची साक्ष काढली.

यावरून मला जें माप सांपडलें तें असें. ढकलपत्रांत आलेल्या वस्तूचें सत्य कळल्यावर काय उरतें, तें पाहावें. सत्य कळल्यावर विस्मय वाढत असेल तर तो अद्भुत. सत्य कळल्यावर हंसूं येत असेल तर तो विनोद. सत्य कळल्यावर कांहींच उरत नसेल, उलट आपण पाठविलेल्याची लाज वाटत असेल, तर ती वस्तु दोन्ही नव्हे. आपल्या राष्ट्रगीताला युनेस्कोनें जगांतलें सर्वोत्कृष्ट राष्ट्रगीत ठरविलें, हें पत्र या शेवटच्या जातीचें. युनेस्कोनें असें कधींहि ठरविलेलें नाहीं. हें कळल्यावर हातीं काय राहतें? गीत पूर्वींहि सुंदर होतें, आतांहि आहे. पत्र मात्र वाऱ्यावर गेलें.

आतां माझी स्वतःची गोष्ट सांगतों. ती सांगण्यासारखी नाहीं, म्हणूनच सांगणें प्राप्त आहे. अवकाशांतून दिवाळीच्या रात्रीं हिंदुस्थान कसा दिसतो, याचें म्हणून एक चित्र दरवर्षीं फिरत असतें: काळ्या जमिनीवर पांढरे, निळे, हिरवे, तांबडे असे असंख्य ठिपके, जणों काय सारा देश दिव्यांनीं फुलला आहे. कांहीं वर्षांपूर्वीं एका दिवाळींत तें माझ्याकडे आलें. मीं त्याला एक उपनिषद्वाक्य जोडलें, खालीं चार ओळींचें भाष्य लिहिलें आणि माजी विद्यार्थ्यांच्या गटावर पाठवून दिलें. ‘फार सुंदर, सर’, ‘छान माहिती, सर’ अशा साधुवादांची रांग लागली. रात्रीं उशिरां एका विद्यार्थ्याचें खासगी पत्र आलें. ‘सर, क्षमा असावी, पण हें चित्र दिवाळीचें नाहीं,’ अशी त्याची सुरुवात होती. हा मुलगा माझ्या तासाला फारसा बसत नसे, हीच गोष्ट मला प्रथम आठवली, हें मी लपवीत नाहीं.

त्यानें कळविलें होतें तें थोडक्यांत असें. तें चित्र कोणत्याहि एका रात्रीचें नाहीं. उपग्रहांनीं अनेक वर्षें घेतलेल्या रात्रीच्या नोंदी एकत्र करून क्रिस एल्विज या अमेरिकन शास्त्रज्ञानें तें २००३ मध्यें तयार केलें. त्यांतले रंग रोषणाईचे नव्हत, काळाचे आहेत. जे दिवे १९९२ च्या पूर्वींपासून दिसत होते ते पांढरे. १९९२ मध्यें दिसूं लागले ते निळे. १९९८ मध्यें दिसूं लागले ते हिरवे. आणि २००३ मध्यें नव्यानें दिसले ते तांबडे. खरी दिवाळीची रात्र कशी दिसते हें दाखविण्यासाठीं नासानें पुढें १२ नोव्हेंबर २०१२ च्या रात्रीचें एक चित्र प्रसिद्ध केलें आणि सोबत सांगितलें कीं, दिवाळीच्या पणत्यांनीं आणि माळांनीं जो जास्तीचा उजेड पडतो तो इतका अल्प असतो कीं अवकाशांतून तो ओळखूंहि येत नाहीं.

पहिला तासभर मी रागांत घालविला. मग तें रंगीत चित्र पुन्हां उघडलें आणि उठवेना. मघांशीं जी मला नुसती आरास दिसत होती ती आतां एका देशाची अकरा वर्षांची वाढ दिसूं लागली. मोठ्या शहरांचे पांढरे गाभे. त्यांच्या भोंवतीं निळ्या-हिरव्या कडा, म्हणजे उपनगरें. आणि दूरवर विखुरलेले तांबडे कण, म्हणजे जेथें पूर्वीं उपग्रहाला अंधारच दिसत होता आणि आतां दिसत नाहीं अशीं ठिकाणें. एकेका ठिपक्यामागें खांब रोंवणारे, तारा ओढणारे, अर्ज करून थकलेले किती लोक उभे असतील! दिवाळी एका रात्रीची असते. ही दिवाळी अकरा वर्षें चालली होती, आणि ती कोणाला दिसावी म्हणून कोणी लावलेली नव्हती. खोट्या मथळ्याखालीं जें चित्र मीं पाठविलें होतें त्यापेक्षां खऱ्या मथळ्याखालचें तेंच चित्र कितीतरी पटींनीं अद्भुत होतें. मीं विद्यार्थ्यांच्या हातीं रत्न दिलें होतें खरें. पण गारगोटी म्हणून दिलें होतें.

आणि तरी गटावर दुरुस्ती लिहावयाला मला पांच दिवस लागले. पहिल्या दिवशीं वाटलें, सण आहे, रसभंग कशाला? दुसऱ्या दिवशीं वाटलें, आतां कोणाच्या लक्षांतहि नसेल. क्लेनची गोष्ट घडली तेव्हां हे पांच दिवस मला आठवले. त्या चकतीची थट्टा सॉसेजची नव्हती, भोळ्या लोकांचीहि नव्हती. ती माझ्यासारख्या ‘सर’ लोकांची होती. माझ्या चार ओळींच्या भाष्यामुळें तें असत्य अधिक विश्वसनीय झालें होतें. एरवीं कांहींजणांना शंका आलीहि असती.

यावर एक आक्षेप येण्यासारखा आहे आणि तो क्षुल्लक नाहीं. सत्यासत्याचा हा काथ्याकूट रसास्वादाला मारक नाहीं काय? चातुर्मासांतल्या कहाणीच्या आटपाट नगराचा नकाशा कोणी मागत नाहीं. कीर्तनकाराच्या आख्यानाला कोणी तारीख विचारीत नाहीं. मग बिचाऱ्या ढकलपत्रालाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत कां उभें करावें? उत्तर असें कीं, आटपाट नगर ऐकतांच श्रोत्याला आपण कोठें प्रवेश करीत आहों हें समजतें. कहाणी आपल्या दारावर पाटी लावूनच बसलेली असते. सविकल्प समाधीची सोय तींत पहिल्या शब्दापासून असते. ढकलपत्र ही पाटी काढून टाकतें. ‘नासानें टिपलेलें’, ‘शास्त्रज्ञांनीं सिद्ध केलेलें’ अशी दुसरीच पाटी लावून तें आपल्याला निर्विकल्प समाधींत ढकलतें. म्हणजे आक्षेप सत्याच्या अभावाबद्दल नाहीं. वाचकाच्या दुसऱ्या पायाखालची जमीन काढून घेण्याबद्दल आहे.

शिवाय सत्य नीरसच असतें, हें गृहीत तरी कोणी दिलें? समुद्रांत सांडलेल्या बदकांची हकीकत पुष्कळांनीं वाचली असेल. १९९२ च्या जानेवारींत हाँगकाँगहून अमेरिकेकडे निघालेल्या एका जहाजावरून उत्तर पॅसिफिकच्या वादळांत एक मोठी पेटी समुद्रांत पडली आणि तिच्यांतलीं २८,८०० न्हाणीघरांतलीं खेळणीं मोकळीं झालीं. ढकलपत्रांत हीं ‘रबरी बदकें’ असतात. खरें पाहतां तीं प्लास्टिकचीं होतीं आणि सगळीं बदकेंहि नव्हतीं: पिवळीं बदकें, निळीं कांसवें, हिरवे बेडूक आणि तांबडे बीव्हर असा चौकडींचा संसार होता. त्यांना कोठें भोंक नव्हतें, म्हणून आंत पाणी शिरलें नाहीं आणि तीं बुडालीं नाहींत. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत अलास्कांतील सिटका गांवाजवळच्या किनाऱ्यावर तीं येऊन लागूं लागलीं. कर्टिस एबसमायर आणि जेम्स इंग्राहम या दोघां सागरशास्त्रज्ञांनीं किनाऱ्यावर हिंडणाऱ्या लोकांकडून कोठें किती सांपडलीं याच्या नोंदी मिळविल्या आणि समुद्राच्या पृष्ठप्रवाहांचें आपलें संगणकी गणित त्यांवर ताडून पाहिलें. एरवीं असल्या अभ्यासासाठीं बाटल्या मुद्दाम सोडाव्या लागतात आणि फारच थोड्या परत सांपडतात. येथें एका अपघातानें अठ्ठावीस हजारांहून अधिक दूत एकाच दिवशीं, एकाच ठिकाणाहून रवाना केले होते. दोन गंभीर पंडित एका पिवळ्या बदकाकडे पाहून महासागराची नाडी तपासीत आहेत, या दृश्यांत हास्य कोठें संपतें आणि अद्भुत कोठें सुरू होतें, हें मला सांगतां येत नाहीं. एवढें मात्र दिसतें कीं, ‘रबरी’ हा शब्द दुरुस्त केल्यानें आणि कांसवांची भर घातल्यानें गोष्ट बिघडली नाहीं. भोंक नसल्याचा तो रुक्ष तपशील तर सगळ्या कथेचा प्राण आहे.

लेखकाच्या नांवाबद्दलहि दोन शब्द लिहिले पाहिजेत. कारण मराठी ढकलपत्रांचा हा खास रोग आहे. जो कोणी चार बऱ्या ओळी लिहितो त्याच्या ओळी आठवड्याभरांत पु. ल. देशपांड्यांच्या नांवावर जमा होतात. पु. ल. २००० सालीं वारले. परंतु या हिशेबानें त्यांचें लेखन अद्याप जोरांत चालू आहे आणि, दुःखानें म्हणावें लागतें, बरेंच उतरलें आहे. असें पूर्वींहि होत असे, असें म्हणतां येईल. नामदेवांच्या गाथेंत विष्णुदास नाम्याचे अभंग मिसळले, तें कोणा लबाडानें केलें नाहीं. नांवाच्या ओढीनें झालें. परंतु आपल्याच परंपरेंत एक दुसरी, फार प्रामाणिक चालहि होती. संस्कृत सुभाषितांचे संग्रह करणारे जुने पंडित श्लोकाखालीं कवीचें नांव देत. आणि कवि ठाऊक नसेल तेथें ‘कस्यापि’ एवढाच शब्द लिहीत. ‘कोणा एकाचा’. त्या एका शब्दांत केवढी सभ्यता आहे! श्लोक आवडला, म्हणून तो संग्रहांत घेतला. कर्ता माहीत नाहीं, म्हणून माहीत असल्याचें सोंग केलें नाहीं. आणि कालिदासाच्या खात्यांत टाकून त्याचें मोल वाढविण्याचा यत्नहि केला नाहीं. कर्त्याची जागा रिकामी ठेवली, पण ती जागा आहे हें दाखविलें. आमच्या कुटुंबाच्या गटावर मीं ही चाल सुरू करून पाहिली. पहिल्याच दिवशीं एका भाचीनें विचारलें, ‘मामा, हा कस्यापि कोण? याचें आणखी कांहीं आहे का?’ मी जो हंसलों तें स्मित नव्हतें, हें कबूल केलें पाहिजे.

त्याच गटावर आमची थोरली बहीण, आक्का, आहे. ती कोंकणांत आमच्या जुन्या घरीं राहते. गेल्या दिवाळींत तिनें तेंच रंगीत ठिपक्यांचें चित्र पाठविलें. खालीं पणत्यांची रांग आणि सर्वांना आशीर्वाद. चार घटका मी विचारांत पडलों. पूर्वींचे पांच दिवस आठवून शेवटीं तिला फोनच केला. चित्राचें खरें काय आहे तें सगळें सांगितलें: पांढरे आधींचे, मग निळे, मग हिरवे, तांबडे शेवटले. तिला वाईट वाटेल अशी माझी समजूत होती. ती थोडा वेळ कांहींच बोलली नाहीं. मग म्हणाली, ‘अरे, मग आपलें गांव कोणत्या रंगांत?’

मला सांगतां येईना. ‘आपल्याकडे वीज आली तेव्हां मी नऊ वर्षांची होतें,’ ती म्हणाली, ‘आणि तूं पाळण्यांत. पहिल्या रात्रीं अप्पा दिवा मालवूंच देईनात. बटण दाबलें तर पुन्हां लागेल कीं नाहीं, अशी त्यांना धास्ती. म्हणजे आपण पांढऱ्यांत असूं, नाहीं का रे?’ मीं म्हटलें, असूं, पण एवढासा उजेड इतक्या उंचावरून दिसला असेल तर. ‘आणि पलीकडची वाडी? तिथें फार उशिरां आली. तिथला ठिपका तांबडा असेल. बघ बरें सांपडतो का.’

फोन ठेवून मीं चित्र मोठें करून पाहिलें. किनाऱ्याची रेघ धरून मुंबईच्या खालीं खालीं बोट आणलें. जितकें मोठें करावें तितके ठिपके चौकोनी होऊं लागले. आमचें गांव जेथें असावें तेथें काळें होतें; किंचित् दक्षिणेला एक तांबूस कण होता, तो वाडीचा असेल किंवा चित्राचाच दोष असेल. तसें आक्काला कळविलें. तिनें उलट तो पिवळा, डोळ्यांतून पाणी काढणारा चेहरा पाठविला. तिचा चष्मा जुना आहे. तो चेहरा हंसतो कीं रडतो, हें तिनें पाहून पाठविलें असेल कीं नाहीं, कोण जाणे.